सुपडूनानाचा खरा मार

सुपडूनाना गेला तेव्हा त्याच्या जावयाचा सुरतेहून फोन आला. श्रद्धांजलीचा बॅनर छापायचा होता, नानाचा एखादा बरा फोटो पाठवा म्हणाला. माझ्याकडे नानाच्या बावीस पिक्चरांचं चित्रण पडून आहे. पिंप्राळ्यातल्या माझ्या व्हिडिओच्या दुकानात एक कपाट त्यानेच भरलंय. दोन दिवस शोधलं. आमच्या नटांपैकी शोभाताईच्या सुजलेल्या गालाचे फोटो निघाले, भिलाच्या फुटलेल्या ओठाचे निघाले, नानाचा एक निघेना. तो कायम कॅमेऱ्याच्या मागे, माझ्या उजव्या खांद्याशी. बावीस पिक्चरांत तो एकाच ठिकाणी दिसतो, तोही पाठमोरा आणि मार खाताना. ते काही बॅनरवर घालता येत नाही. शेवटी जावयाने आधार कार्डावरचा फोटो लावला.

नाना मूळचा धुळ्याकडचा. दीपनगरच्या वीजकेंद्रात फिटर होता. निवृत्त झाल्यावर पिंप्राळ्यात घर बांधलं आणि माणसं देवधर्माला लागतात त्या वयात हा अहिराणी पिक्चर काढायला लागला. पिक्चर म्हणजे पाऊण तासाचे, मोबाइलवर बघायचे. लोक विनोदी काढतात, सासू-सुनेचे काढतात. नाना मारामारीचे काढायचा. मी त्याला तोंडावर तुम्ही म्हणायचो आणि मागे अरे-तुरे करायचो. आता तो मागेच आहे कायमचा, म्हणून तेच चालू ठेवतो.

आमची ओळख झाली भुसावळच्या एका लग्नात. मी लग्नाचं शूटिंग करत होतो. मानाच्या टोपीवरून दोन्हीकडचे मामा पंगतीतच भिडले. खुर्च्या उडाल्या. वराच्या मामाच्या कपाळावर पाण्याचा स्टीलचा जग बसला आणि पांढऱ्या शर्टावर रक्ताची धार लागली. मी शहाण्या माणसासारखा कॅमेरा बंद करायला गेलो, तर कुणीतरी माझं मनगट धरलं.

"चालू ठेव," तो माणूस हळूच म्हणाला. "लगीन ते बठ्ठाच काढतस. हाई काढ." लग्न तर सगळेच काढतात, हे काढ, असं त्याचं अहिराणी.

सगळे लोक सोडवायला धावत होते आणि हा खुर्चीवर उभा राहून बघत होता. भांडण मिटल्यावर मला म्हणाला, "जग बठना, तवय त्याना हात पहिले कोठे गया? डोकाले नही गया. खिसाले गया. मोबाइल फुटना का, ते दखं त्यानी." मी घरी जाऊन पाहिलं. अगदी तसंच होतं. त्या दिवसापासून मी नानाचा कॅमेरामन झालो. तो मला नावाने कधी हाक मारत नसे, 'ए कॅमेरा' म्हणायचा.

नाना कधी ओरडला नाही. जन्मभर वाफेच्या पाइपांजवळ काम केलेला माणूस ओरडूनच बोलेल असं वाटतं, पण तो आपला कानाशी येऊन बोलायचा. सोमवार करायचा. अंडं खात नसे. मुंग्यांची रांग दिसली तर पाय लांब टाकायचा. अशा माणसाच्या पिक्चरात दर पाच मिनिटांनी कुणाचं तरी डोकं फुटायचं. मी एकदा विचारलं, नाना, हे कुठून सुचतं? तर म्हणाला, "पाइपमा दाब ऱ्हास ना, तवय पाइप गप ऱ्हास. फुटस तवयच समजस." माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं.

शूटिंगच्या दिवशी सगळ्या युनिटने एका पंगतीत जेवायचं, हा त्याचा नियम. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. वाढायला नाना स्वतः. बट्टी कुस्करून तो प्रत्येकाच्या ताटात तूप सोडायचा, आणि ज्याच्या ताटात धार थांबत नसे त्याने समजायचं की आज आपला नंबर. नवखी माणसं खूश होऊन खायची. जुनी माणसं ताटावर हात आडवा धरायची. नाना बोटं बाजूला सारून वाढायचा.

त्याची पद्धत एकच होती. ज्याला मार बसणार त्याला सांगायचं, हात गालाजवळून जाईल, तू फक्त मान फिरव. मारणाऱ्याला बाजूला नेऊन सांगायचं, खरा मार. शोभाताई पिंप्राळ्यात ब्लाऊज शिवते. तिच्या पहिल्याच पिक्चरात नवऱ्याने तिला थोबाडीत मारायची होती आणि नवरा होता भिला. भिला शिरपूरकडचा, यावलला केळीच्या गाड्या भरणारा. दोन्ही खांद्यांवर दोन घड घेऊन पळत जाणारा गडी. त्याचा पंजा परातीएवढा.

"नाना, ती मनी बहीणना मायक शे," भिला हात मागे घेत म्हणाला. "मनाकडथाईन नही व्हवाव."

"म्हणीसनच सांगी ऱ्हायनू," नाना म्हणाला. "परक्याले मारशी ते हात सहज जाई. बहीणले मारशी ते तुना बी चेहरा खरा ऱ्हाई."

भिलाने मारलं. शोभाताई चुलीवर जाऊन पडली, दात लागून ओठ फाटला. दोन क्षण तिला काय झालं तेच कळलं नाही, आणि तिचं ते न कळणं माझ्या कॅमेऱ्यात आलं. मग कळलं. तिने चप्पल काढली आणि भिलाला तीनदा डोक्यात हाणली. भिला हात न उचलता रडत उभा राहिला. मग ती नानाकडे वळली. नानाने हात मागे बांधले आणि गाल पुढे केला. तिने दोन मारल्या, चांगल्या सणसणीत. नाना माझ्याकडे वळून म्हणाला, "कॅमेरामा आवाज उना का?"

मला तेव्हा हसू आलं होतं. आज लिहिताना येत नाही.

शोभाताई परत येणार नाही असं मी धरून चाललो होतो. ती पुढच्याच महिन्यात आली. पुढच्या वेळी आधी सांगत जा, एवढीच तिची अट. नानाने ती मानली नाही. "सांगं ते तू वाट दखशी," तो तिला म्हणाला. "वाट दखनारा गाल येगळा दिसस." तरी ती राहिली. मी तिला विचारलं, ताई, कशाला सहन करता? ती मशीनवर काज करत होती, मान वर न करता म्हणाली, "भाऊ, घरी खाल्लेला मार कुणी पाहिला नाही. हा निदान लोकांनी पाहिला. धुळ्याच्या स्टँडवर एका बाईने माझा गाल कुरवाळला."

भिलाचं उलटं होतं. त्याला नाना नेहमी खलनायक करायचा. स्वभावाने हा माणूस इतका मऊ की केळीच्या पानात अडकलेलं पिल्लू काढायला गाडी थांबवेल. पण बाजारात दिसला की बायका पोरांना पदराआड घ्यायच्या. चोपड्याच्या एका हॉटेलवाल्याने त्याला चहा द्यायचं नाकारलं, कारण आदल्या आठवड्यात त्याने मोबाइलवर भिलाला सून जाळताना पाहिलं होतं. भिला रडकुंडीला आला. नाना म्हणाला, "हाई तुनं बक्षीस शे, येडा." आणि संध्याकाळी शूटिंगमध्ये मार खाल्लेल्या त्याच भिलाच्या पाठीला हळद आणि तेल लावत बसला. मारायचं दुसऱ्याच्या हाताने आणि शेकायचं स्वतःच्या हाताने, असं नानाचं होतं. भिलाला त्या शेकण्याची फार ओढ होती. त्याचा बाप लहानपणीच गेलेला.

सुचेनासं झालं की नाना स्कूटर काढून भांडणं शोधत हिंडायचा. यावलच्या स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागेवरून दोघांत जुंपली. एकाने दुसऱ्याला पायरीवरून ओढून खाली आपटलं, त्याच्या भुवईची कातडी लोंबायला लागली. कंडक्टर मध्ये पडला. नाना पडला नाही. सगळं शांत झाल्यावर त्याने त्या दोघांना शेजारी शेजारी बसवून चहा पाजला आणि एकेकाला विचारलं, लागलं तेव्हा हात पहिले कुठे गेला? त्यांना वाटलं म्हाताऱ्याला वेड लागलंय. मी त्या दिवशी चिडलो होतो. म्हटलं, नाना, तुम्ही सोडवायला का जात नाही?

परत येताना त्याने कालव्याजवळ स्कूटर थांबवली आणि पहिल्यांदा घरचं बोलला. त्याचा बाप बैलांच्या पराणीने त्याच्या आईला मारायचा, गोठ्यात. नाना सात वर्षांचा. दारात उभा राहायचा. "मी दखत ऱ्हावू," तो म्हणाला. "पाय उचलायेत नही. मायनं तोंड दखत ऱ्हावू. तिना हात पहिले पदरले जाये, मंग पाठले. ते माले कोन्हाच तोंडवर नही भेटनं आजपावत." मला त्याचं वाईट वाटलं, खूप वाटलं. पण मी तेव्हाही मनात म्हटलं आणि आजही म्हणतो, हे कारण झालं, ही माफी नव्हे.

बाविसाव्या पिक्चरात भिला परगावचा गरीब माणूस होता. पहिल्यांदाच खलनायक नव्हता. बाजारात त्याला पोरं पळवणारा समजून लोक मारतात, अशी गोष्ट. भिला इतका खूश की महिनाभर दाढी वाढवून हिंडला. शेवटी आपल्याला चांगल्या माणसाचं काम मिळालं, म्हणाला. ते त्याच्या दृष्टीने फार मोठं होतं, कारण त्याच्या स्वतःच्या पुतण्याही त्याच्या मांडीवर बसत नसत.

पण गर्दीचा सीन होईना. तीन दिवस पिंप्राळ्याच्या मैदानात माणसं जमवून केला, तिन्ही दिवस गर्दी हसली. भिलाला मारताना कुणी मोबाइलकडे बघायचं, कुणी केस सारखे करायचं. नाना तीन रात्री झोपला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, खऱ्या बाजारात करू. सातपुड्याच्या पायथ्याशी एक आठवडे बाजार ठरवला. गावाचं नाव लिहीत नाही, दोष गावाचा नव्हता. केळीच्या पानांनी भरलेल्या पिकअपमध्ये नानाने आणि मी कॅमेरा घेऊन लपून बसायचं, आमच्यातल्या दोघांनी 'पोरगं पळवतोय' असा ओरडा करायचा. मी म्हटलं, नाना, हे भलतंच होईल.

"काय व्हई?" नाना म्हणाला. "भिलाले कोण वळखत नही? दोन चापटा पडतीन, मंग कोनी तरी म्हनी, हाऊ ते पिच्चरवाला भिला शे, आन बठ्ठा हासतीन. त्या हासाना पहिलेना अर्धा मिनिट माले पाहिजे."

आम्हा सगळ्यांना ते पटलं. भिलालाही पटलं. घराघरात मोबाइलवर दिसणाऱ्या माणसाला कोण मारेल? तरी खूण ठरवली. फार झालं तर भिलाने उजवा हात पंजा उघडून वर करायचा, आम्ही उडी मारायची. पोलीस पाटलाच्या कानावर घातलं. आणि सकाळच्या पंगतीत नानाने भिलाच्या ताटात तूप ओतलं ते बट्टी बुडेपर्यंत. भिला हसून म्हणाला, "आज माहीत शे माले, नाना. वाढ."

दुपारी बारा वाजता ओरडा झाला. पहिली चापट एका भाजीवाल्याने मारली, तीही घाबरतच. भिला हात जोडून म्हणाला, मी गरीब माणूस शे. लोक थांबले. सगळं नाना म्हणाला तसं चाललं होतं. मग एक म्हातारी पुढे झाली, तिने भिलाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "याले मी दखेल शे. हाऊ वाईट माणूस शे." मागून दुसरा एक म्हणाला, "मी बी दखेल शे. यानी एक बाई जाळेल शे."

आमच्या हिशोबातली चूक तेव्हा माझ्या ध्यानात आली. त्यांनी भिलाला ओळखलं होतं. कुठे पाहिलं ते आठवत नव्हतं, काय करताना पाहिलं ते आठवत होतं.

त्यानंतर गर्दी हसली नाही. तराजूचं दोन किलोचं वजन भिलाच्या जबड्यावर बसलं. तो गुडघ्यावर आला. पाठीत बांबू पडायला लागले, लाथा बरगडीत. बायका चपलेने तोंडावर मारत होत्या. एकाने केस धरून त्याचं डोकं वर केलं आणि दुसऱ्याने नाकावर ठोसा दिला, मला तो आवाज पिकअपपर्यंत आला. भिलाचं तोंड रक्ताने भरलं होतं. त्याने उजवा हात वर केला. पंजा उघडा.

नाना माझ्या खांद्याशी होता. त्याचा श्वास माझ्या मानेवर येत होता.

"चालू ठेव," तो म्हणाला.

मी चालू ठेवला. हेही लिहून टाकतो, कारण सगळं नानावर ढकलणं सोपं आहे. हातगाडीच्या दांड्याचा घाव त्या वर केलेल्या हाताच्या कोपरावर पडला आणि हात भलत्याच बाजूला वाकला. मग नानाने उडी मारली. साठी उलटलेला माणूस पानांच्या ढिगावरून खाली पडला, उठला, लोकांच्या पायांतून घुसला आणि भिलाच्या अंगावर पालथा पडला. आयुष्यात पहिल्यांदा तो ओरडत होता, शूटिंग शे, शूटिंग शे. कुणी ऐकलं नाही. त्याच्या पाठीवर तेच बांबू पडले. मी कॅमेरा उंच धरून पिकअपच्या टपावर चढलो आणि ओरडलो, तेव्हा कुणाचं तरी लक्ष गेलं. पोलीस पाटील धावत आला. लोक जागच्या जागी थांबले. ती म्हातारी खाली बसली आणि स्वतःचं लुगडं फाडून भिलाचं डोकं बांधायला लागली.

नानाच्या तीन बरगड्या मोडल्या. भिलाचा जबडा, नाक आणि कोपर. पोलिसांना भिला म्हणाला, शूटिंग होतं, माझी कुणावर तक्रार नाही. जबडा जुळला, नाक वाकडं जुळलं. कोपर जुळलंच नाही. उजवा हात खांद्याच्या वर जाईना, घड उचलता येईना. यावलच्या टोळीने त्याला महिनाभर सांभाळून घेतलं, मग दुसरा गडी घेतला.

नाना बरगड्यांना पट्टा बांधून माझ्या दुकानात आला तेव्हा मी त्याला चित्रण दाखवलं. हात वर गेल्यापासून नाना चौकटीत पडेपर्यंत अकरा सेकंद. त्याने ते परत लावायला सांगितलं. परत. परत. शेवटी म्हणाला, "शॉट चांगला शे." माझा हात उठला होता, खोटं बोलत नाही. त्या क्षणी मी म्हाताऱ्याला मारलं असतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो पडद्यावरून नजर काढत नव्हता, म्हणून हात खाली आला.

मग आम्ही यावलला भिलाकडे गेलो. नानाने मोबाइल त्याच्यापुढे धरला. भिलाने आपला मार पूर्ण बघितला. बायको चहा घेऊन आली, तिने एकदा बघितलं आणि कप ठेवून आत गेली.

"मना हात तुले दिसना व्हता?" भिलाने विचारलं.

"दिसना व्हता," नाना म्हणाला.

"मंग?"

नानाने मोबाइल खिशात घातला. भिला वाट बघत राहिला. मला वाटतं त्याला काहीही चाललं असतं. घाबरलो, पाय उचलेना, आई आठवली, काहीही. नानाला कालव्यावर माझ्याशी बोलता आलं ते इथे आलं नाही.

"पिच्चर पुरा कर," भिला शेवटी म्हणाला. "एवढा मार खादा मी, ते चांगला माणूसनं काम लोकेस्ले दिसू दे. पन दखाडशी ते पहिले त्याच गावमा दखाड. आन कापजो नही."

मी जोडणी केली. चित्रणात नानाचा आवाज आला होता, 'चालू ठेव'. दिग्दर्शकाचा आवाज आम्ही नेहमी पुसून टाकतो, हा तर पुसायलाच हवा होता. मी माउस नेला तर नानाने मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाला.

गावच्या शाळेच्या खोलीत, खिडक्यांना गोणपाट लावून, भर दुपारी पिक्चर दाखवला. मारणारे बहुतेक आले होते. ती म्हातारी पुढे सतरंजीवर होती. भिला मधोमध खुर्चीवर, हात गळ्यात अडकवलेला. शोभाताई त्याच्या शेजारी. नाना पहिल्या रांगेत खाली बसला होता. बाजाराचा सीन आला तशा माना खाली गेल्या. काहीजण उठून बाहेर गेले, बाहेर ओकल्याचा आवाज आला. पडद्यावर भिलाचा हात वर गेला. आणि अंधारात नानाचा तो मऊ आवाज आला. चालू ठेव.

गावाला तो आवाज कुणाचा ते लगेच कळलं नाही. मग एकेक मान नानाकडे वळली. पडद्यावर दांडा पडला, कोपर मोडलं. नाना उठला आणि पडद्यासमोर लोकांकडे तोंड करून उभा राहिला. प्रोजेक्टरचा उजेड त्याच्या अंगावर पडला, भिलाचं रक्ताळलेलं तोंड त्याच्या शर्टावर हलत होतं. हात त्याने दोन्हीकडे सोडले होते. कुणीतरी यावं आणि मारावं म्हणून तो उभा आहे हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. कुणी उठलं नाही. शोभाताई उठायला लागली, भिलाने डाव्या हाताने तिला खाली बसवलं.

"नाना, खाले बठ," भिला म्हणाला. "मागला लोकेस्ले दिसत नही."